अकरा चुका

काटासाहेबांना काटासाहेब हे नाव कुणी ठेवलं याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही त्यांच्या विरोधात आहेत. ऑफिसातले म्हणतात, बाजारातल्या दुकानदारांनी ठेवलं. दुकानदार म्हणतात, ऑफिसातल्यांनी. स्वतः साहेब मात्र ती पदवी समजत. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. म्हणजे दुकानातला तराजू खरा की खोटा हे पाहायचं, खरा असला तर शिक्का मारायचा, खोटा असला तर उचलून न्यायचा. एकोणतीस वर्षं त्यांनी हे काम इतक्या निष्ठेनं केलं होतं की घरात कुणी "चिमूटभर मीठ कमी आहे" म्हणालं तरी ते "चिमूट कुणाची?" असं विचारत. केसभर फरक दिसला की माल बाद. "जवळपास बरोबर" हे शब्द कुणा चोरानं शोधून काढलेत असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मत ते न विचारता देत असत.

अशा माणसावर घर विकत घ्यायची वेळ आली.

विकत घ्यायचं होतं ते राहतं घरच. एकोणीस वर्षं ते तिथे भाड्यानं राहत होते. घरमालक आता थकले होते आणि मुलीकडे राहायला निघाले होते. एका सकाळी ते जिना चढून वर आले, खुर्चीत बसून आधी श्वास घेतला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही इतकी वर्षं राहिलात, तर पहिला हक्क तुमचा. जुन्या भावात देतो. पण पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंतच हं. त्यापुढे मला थांबता यायचं नाही. खालचा दुकानदार रोज विचारतोय."

खालचा दुकानदार म्हणजे तळमजल्यावरचा किराणावाला. साहेबांनी त्याचा तराजू तीनदा जप्त केला होता, आणि एकदा तर त्याचे भाऊ-वहिनी पाहुणे आलेले असताना. वरचा मजला त्याला गोदामाला हवा होता. साहेब जिथे उभे राहून रोज दाढी करत तिथे साबणाच्या पेट्या रचायच्या आणि झोपायच्या खोलीत तांदळाची पोती, इथवर त्याचा बेत झाला होता. तो बेत त्यानं साहेबांना जिन्यात गाठून, हसत हसत सांगितलाही होता. साहेबांना रात्री झोप लागेना. डोळे मिटले की आपण पोत्यांच्या रांगेत झोपलोय असं त्यांना वाटे.

"बँकेत जाऊन या," बायको म्हणाली. ती एका चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावून कुणाला किती दिसतं ते ती ठरवत असे, आणि साहेबांना किती दिसतं हे तिनं फार पूर्वीच ठरवलेलं होतं.

बँकेच्या कर्ज विभागात एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी साहेबांचा पगार पाहिला, मान डोलावली. नोकरीची वर्षं पाहिली, मान डोलावली. मग संगणकावर काहीतरी दाबलं आणि मान डोलावणं थांबलं.

"सर, तुमचा क्रेडिट स्कोअर फार कमी येतोय. पाचशे एकोणचाळीस."

"पाचशे एकोणचाळीस काय?"

"म्हणजे?"

"एकक काय त्याचं? ग्रॅम, सेंटीमीटर, काहीतरी असेल ना."

"एकक नसतं सर. नुसता आकडा असतो."

"बरं. मोजलं कशानं?"

"पत मोजणारी कंपनी असते. त्यांच्या सिस्टीमनं."

"त्या यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली? शिक्का कुणाचा आहे?"

बाईंच्या उभ्या नोकरीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी उत्तर देण्याऐवजी अहवालाचा कागद छापून पुढे ठेवला. साहेबांना उत्तर मिळालं असतं तर बरं झालं असतं, कारण त्यानंतर दोन महिने ते हा प्रश्न भेटेल त्याला विचारत होते.

कागदात लिहिलं होतं की काटासाहेबांनी मोटारसायकलसाठी कर्ज काढलं आणि त्याचे सहा हप्ते थकवले. साहेबांना मोटारसायकल येत नव्हती. पण कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीचं नाव वाचल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या ऑफिसात एक जुनी रीत होती. कुणालाही कर्ज हवं असलं की शेजारच्या टेबलावरच्यानं जामीन राहायचं. त्याला हवं असलं की त्याच्या पुढच्यानं. असं करत करत सगळं ऑफिस एकमेकांना जामीन होतं आणि म्हणूनच बहुधा तिथे कुणी कुणाशी भांडत नसे. साहेबांच्या शेजारी जावक कारकून बसायचा. त्यानं मोटारसायकल घेतली, काही हप्ते चुकवले, मग सगळं फेडून तो बदली होऊन गेला. फायनान्स कंपनीतल्या कुणा विद्वानानं कर्जदाराच्या रकान्यात जामीनदार लिहिला होता आणि जामीनदाराच्या रकान्यात कर्जदार.

"सोपं आहे सर," अधिकारी बाई म्हणाल्या. "फायनान्स कंपनीचं एक पत्र आणा आणि एवढीच एक तक्रार टाका. तीन आठवड्यांत नोंद जाईल, स्कोअर वर येईल आणि कर्ज होईल. बाकी बारीकसारीक गोष्टींना मात्र हात लावू नका."

बारीकसारीक. हा शब्द वापरायला नको होता. साहेब खुर्चीतून उठले ते तो शब्द तोंडात घोळवतच.

घरी येऊन त्यांनी भिंग काढलं. जेवणाच्या टेबलावर अहवाल पसरला, चारही कोपऱ्यांवर पितळी वजनं ठेवली आणि तपासणी सुरू केली. तपासणीच्या वेळी साहेबांशी बोललेलं चालत नसे. संध्याकाळपर्यंत अकरा चुका सापडल्या. जन्मतारीख एका दिवसानं पुढे होती. मधल्या नावाचं आद्याक्षर भलतंच होतं. पहिल्या मजल्याचा दुसरा मजला झाला होता. बारा वर्षांपूर्वी बंद पडलेला फोन चालू दाखवला होता. अशा करत करत ते नवव्या चुकीपाशी आले आणि त्यांनी भिंग पुसून पुन्हा धरलं. व्यवसाय या शब्दापुढे लिहिलं होतं: व्यापारी.

एकोणतीस वर्षं ज्या जमातीच्या मागे हात धुऊन लागावं, त्याच जमातीत आपली नोंद व्हावी. साहेब घोटभर पाणी प्यायले. मोटारसायकलचे थकलेले हप्ते त्यांनी मनोमन माफ केले असते. हे मात्र माफ करण्यासारखं नव्हतं.

"आणि ही सातवी बघ," ते बायकोला म्हणाले. "म्हणे मी हप्त्यानं फ्रिज घेतला. चोवीस हप्ते. सगळे वेळेवर. कुणी भामट्यानं माझ्या नावावर फ्रिज घेतलाय."

बायको चष्म्याच्या काचा पुसत होती. "सगळे वेळेवर भरले ना त्यानं? मग भामटा कसला?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"अहो, ती नोंद राहू द्या. चांगली आहे."

"खोटी नोंद चांगली कशी असेल?"

बायकोनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या फ्रिजकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं. नेमका त्याच वेळी फ्रिज मोठ्यानं घरघरला. "याचा आवाज वाढलाय हल्ली," साहेब म्हणाले.

"त्याच्या कागदांवर तुम्ही सही केली होती," बायको म्हणाली. "मी बोट ठेवलं तिथे."

"ती वॉरंटीवर," साहेब म्हणाले आणि त्यांनी सातव्या चुकीपुढे लाल फुली मारली.

आता हे सगळं कळवायचं कसं, हा प्रश्न होता. त्यावर सल्ला द्यायला माणसांची वाण नव्हती. समोर राहणारे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "रजिस्टर करा. पोचपावतीसकट. मी सांगतो, आजवर रजिस्टर पत्रापुढे कुणाचं काही चाललेलं नाही." पोस्टमास्तरांचा प्रत्येक गोष्टीवर हाच सल्ला असे. एकदा त्यांना सर्दी झाली तेव्हाही त्यांनी डॉक्टरला पत्र घातलं होतं. बायकोचा भाऊ म्हणाला, "भाऊजी, कशाला पत्रंबित्रं? ऑनलाइन टाका. पाच मिनिटांचं काम." मेव्हण्याला जगातलं प्रत्येक काम पाच मिनिटांचं वाटे, आणि त्याचं स्वतःचं एकही काम अजून झालेलं नव्हतं.

ऑनलाइन अर्जात तक्रारीसाठी दोनशे अक्षरांची जागा होती. साहेबांची दोनशे अक्षरं "महोदय" आणि "विषय" यांतच संपली. शिवाय यंत्र एका वेळी एकच चूक घ्यायला तयार होतं, आणि तिचं कारणही त्यांच्याच यादीतून निवडायचं होतं. यादीत "आपला गलथानपणा" हे कारण नव्हतं. साहेबांनी ते तीनदा शोधलं. शेवटी मेव्हण्यानं फोन लावून दिला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

सगळे म्हणजे खरोखरच सगळे. पोस्टमास्तर आले होते. काम कुठवर आलं ते विचारायला घरमालक आले होते. आणि उघड्या दारात, हातात मोजपट्टी घेऊन, खालचा दुकानदार उभा होता. "तुमचं चालू द्या साहेब," तो म्हणाला. "मी फक्त भिंत मोजून जातो. फळ्या करायला द्यायच्यात." त्याच्या मोजपट्टीचं टोक तुटलेलं होतं आणि ती तीनच्या आकड्यापासून सुरू होत होती. साहेबांना ते दिसलं. त्यांच्या अंगाची लाही लाही झाली, पण तेवढ्यात फोनमधून एक गोड आवाज आला.

"आपली ओळख पटवण्यासाठी काही प्रश्न विचारते. आपली जन्मतारीख?"

साहेबांनी खणखणीत आवाजात खरी तारीख सांगितली.

"माफ करा, नोंदीशी जुळत नाही."

"तेच तर सांगायला फोन केलाय. तुमची नोंद चुकलीय."

"नोंदीत बदल करण्यासाठी आधी ओळख पटावी लागेल सर."

"खरी तारीख सांगून ओळख पटत नाही?"

"नोंदीतली तारीख सांगून पटते."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. मग दातओठ खात एक दिवस पुढची तारीख सांगितली. जन्मदात्या आईनं सोसलेल्या कळांवर पाणी फिरवल्यासारखं त्यांना वाटलं.

"धन्यवाद सर. मजला कितवा?"

"पहि... दुसरा."

"धन्यवाद. आणि आपला व्यवसाय?"

दुकानदाराची मोजपट्टी भिंतीवर अर्ध्यात थांबली. साहेब बायकोकडे पाहू लागले. बायकोनं डोळ्यांनीच कॅलेंडर दाखवलं. पुढच्या महिनाअखेरीच्या मुदतीला एकोणचाळीस दिवस उरले होते.

"व्यापारी," साहेब पुटपुटले.

"आवाज येत नाहीये सर. जरा मोठ्यानं सांगता?"

"मी व्यापारी आहे," काटासाहेब म्हणाले.

"धन्यवाद. आपली ओळख पटली आहे," आवाज म्हणाला आणि साहेबांनी चुकांची संख्या सांगताच पुढे म्हणाला, "आपल्या तक्रारी अकरा असल्यामुळे त्या फोनवर घेता येणार नाहीत. कृपया लेखी पाठवाव्यात."

पोस्टमास्तरांनी "मी काय म्हणत होतो" अशा चेहऱ्यानं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. दुकानदारानं मोजपट्टी गुंडाळली. "साहेब, आता तुम्ही आमच्यातलेच," तो जाता जाता म्हणाला, "तराजू लागला तर खालून घेऊन जा." इतका अपमान त्यांना आजवर फक्त दुसऱ्यांचा करता आला होता.

त्या आठवड्यात तेवीस पानांचा अर्ज तयार झाला. दोष क्रमांक एक, दोष क्रमांक दोन, प्रत्येकाखाली आढळलेले माप, अपेक्षित माप आणि फरक. सोबत शाळेच्या दाखल्याची प्रत, नेमणुकीच्या पत्राची प्रत आणि पहिला मजला पहिलाच आहे हे दाखवणारा जिन्याचा फोटो, ज्यात पायऱ्यांना आकडे टाकलेले होते. जावक कारकुनाच्या मोटारसायकलचं पत्र बायकोनं फायनान्स कंपनीत स्वतः जाऊन, एका दुपारी, आणलं होतं. ते या ढिगाऱ्यात सोळाव्या पानावर गेलं.

"फक्त सोळावं पान पाठवा," ती म्हणाली. "मी हात जोडते."

"आणि बाकीच्या दहा चुका?"

"त्यांनी आपलं काय वाकडं केलंय?"

"एक चूक पकडायची आणि दहा सोडायच्या, याला तपासणी म्हणत नाहीत. याला लाच म्हणतात," साहेब म्हणाले. बायकोनं यापुढे बोलणं सोडलं. ती शांत झाली की घरात काहीतरी ठरत असे, हे साहेबांना एकोणीस वर्षांत कधी कळलं नव्हतं.

अर्ज रजिस्टरनं गेला आणि नवव्या दिवशी रजिस्टरनंच परत आला. वर चिठ्ठी होती: अर्जदाराची जन्मतारीख नोंदीशी जुळत नसल्यामुळे विचार करता येत नाही. साहेबांनी मग चुकीच्या तारखेनं अर्ज केला, त्यात ती तारीख बदलून देण्याची विनंती केली आणि तळाशी "निषेध नोंदवून" असं लिहून सही केली. पोस्टमास्तरांनी पाकिटाला स्वतः डिंक लावला. डिंक लावताना त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती ती त्यांच्या निवृत्तीनंतर कुणी पाहिली नव्हती.

मग वाट पाहणं सुरू झालं. घरमालक एक दिवसाआड येऊन खुर्चीत बसत, श्वास घेत आणि काही न बोलता जात, आणि त्याचाच साहेबांना जास्त त्रास होई. जिन्याखाली फळ्या येऊन पडल्या. दुकानदार भेटला की "काय शेठ," म्हणू लागला. साहेब ऑफिसात चिडचिड करू लागले. त्या पंधरवड्यात त्यांनी सात तराजू बाद केले, त्यातला एक औषधाच्या दुकानातला होता आणि तो खरा होता. भीती त्यांना वाटत होती. आपण पान सोळाच पाठवायला हवं होतं, हे त्यांना तिसऱ्या आठवड्यात एकदा अंघोळ करताना स्पष्ट दिसलं, पण अंघोळ संपल्यावर ते पुन्हा दिसेनासं झालं.

महिनाअखेरीला आठ दिवस उरले असताना कंपनीचं पाकीट आलं. साहेबांनी ते भिंग घेऊन उघडलं. वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. चेहरा उजळला. "एकही चूक नाही," ते म्हणाले. "बघ. अकराच्या अकरा गेल्या."

बायकोनं कागद हातात घेतला. चूक खरंच एकही नव्हती, कारण त्यात काहीच नव्हतं. कंपनीचा नियम असा होता की ज्या माहितीवर तक्रार आहे ती देणाऱ्याला विचारायचं, आणि मुदतीत उत्तर आलं नाही तर माहिती पुसून टाकायची. मोटारसायकलच्या कंपनीनं चूक कबूल केली, ती नोंद गेली. फ्रिजवाल्या कंपनीनं उत्तरच दिलं नाही, तीही गेली. मजला गेला, फोन गेला, व्यापारी गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. जन्मतारखेच्या जागी कोरा चौकोन होता. आणि जिथे आधी पाचशे एकोणचाळीस होते तिथे एक आडवी रेघ होती.

दोघं बँकेत गेली, तेव्हा अधिकारी बाईंनी तो कागद उजेडात धरून पाहिला. "सर, तो फ्रिज एवढाच तुमचा चांगला व्यवहार होता. आता तुमच्या नावावर आयुष्यात काही झालेलंच नाही."

"चूक तर नाही ना?"

"चूक व्हायला काहीतरी असावं लागतं सर." बाई तशा मऊ स्वभावाच्या होत्या, पण त्यांनाही दिवसभरात चाळीस माणसं भेटत. "असं कोरं रेकॉर्ड असलं की कर्ज देता येत नाही. चार-सहा महिने एखादं छोटं कर्ज घ्या, फेडा, मग या."

चार-सहा महिने. साहेबांना पोती दिसू लागली. ते खुर्चीत बसून राहिले. जगातला सगळ्यात निर्दोष अहवाल त्यांच्या मांडीवर होता आणि घर हातचं गेलं होतं. त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि बँकेत रडणं नियमात बसतं की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बायकोनं पर्स उघडली आणि घडी घातलेला एक कागद बाईंपुढे सरकवला. "हा माझा," ती म्हणाली. "परवा काढून घेतला."

बाईंनी तो वाचला आणि त्या सरळ बसल्या. "मॅडम, आठशे बारा? असा स्कोअर आमच्या मॅनेजरचाही नाही."

साहेबांनी भिंग काढलं. अहवाल तीन पानी होता. धुण्याचं यंत्र, बारा हप्ते, वेळेवर. सोफा, अठरा हप्ते, वेळेवर. दोन कपाटं. शिवणयंत्र. पंखे. टेबल, ज्यावर साहेबांनी पितळी वजनं ठेवून तपासणी केली होती तेच. आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी एक स्कूटर, छत्तीस हप्ते. त्या स्कूटरवर बसून साहेब एकोणीस वर्षांतली आठ वर्षं बाजारात जात होते आणि उधारीवर जगणाऱ्या लोकांना चार गोष्टी सुनावून येत होते.

"स्कूटर तुला बोनस मिळाला त्यात आली होती ना?" त्यांनी विचारलं.

"चष्म्याच्या दुकानात बोनस कुठला आलाय?"

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, या घरात उधारीची वस्तू आली तर मी उंबऱ्याबाहेर झोपेन," बायको म्हणाली. "आपल्या उंबऱ्याबाहेर लगेच जिना आहे. तुम्ही पडला असता."

अधिकारी बाई कागद नीट लावण्यात फार गढून गेल्या. साहेबांनी मान खाली घातली. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी इतकं हायसं वाटलं की त्याचीही त्यांना लाज वाटली. पोती मागे सरकली होती.

घर बायकोच्या नावावर घ्यायचं आणि कर्जही तिच्याच नावावर, असं ठरलं. साहेब सहकर्जदार म्हणून चालत नव्हते. जामीन म्हणून चालतील का, असं त्यांनी विचारलं. त्यांना जामिनाचा अनुभव होता. बाईंनी आडव्या रेघेकडे पाहून नकार दिला. पण अर्जात घरातल्या प्रत्येक माणसाची कुठेतरी नोंद हवी होती. बाईंनी सगळे रकाने पाहिले, आणि एकच रकाना मोकळा होता. त्यावर लिहिलेलं होतं: आश्रित.

मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा अधिकारी बाई मंजुरीचे कागद घेऊन सहीसाठी घरी आल्या. घरमालक आले होते, त्यांची मुलगी आली होती, खाली गाडी उभी होती. बायको सह्या करत होती. साहेबांची सही कुठेच लागत नव्हती, तरी त्यांनी सवयीनं भिंग काढून वाचायला घेतलं आणि चौथ्या पानावर ते थबकले. "एक चूक आहे," ते म्हणाले.

बायकोचं पेन थांबलं. घरमालकांनी डोळे मिटले.

चूक खरी होती. आश्रिताच्या रकान्यात साहेबांचं वय चौपन्न हवं होतं. टाइप करताना चार राहून गेला होता. बँकेच्या दप्तरी काटासाहेब पाच वर्षांचे होते.

"अरेरे," बाई म्हणाल्या. "दुरुस्त करता येईल सर. पण मंजूर झालेल्या अर्जात खाडाखोड चालत नाही. नव्यानं अर्ज करावा लागेल, आणि तातडीची मंजुरी दुसऱ्यांदा मिळत नाही. पंधरा दिवस."

बायकोनं साहेबांकडे पाहिलं, रोज फळ्यासमोर बसलेल्या माणसाकडे पाहायची तसं, शेवटची ओळ वाचता येतेय का ते पाहत. साहेबांनी चौथं पान हातात धरलं होतं. एकोणतीस वर्षांत असा दोष त्यांनी कधी सोडला नव्हता. हा तर केसभराचाही नव्हता; एकोणपन्नास वर्षांचा होता.

"राहू दे," काटासाहेब म्हणाले आणि त्यांनी पान बायकोपुढे ठेवलं.

घर झालं. फळ्या दुकानदारानं तळमजल्यावरच ठोकल्या. तुटक्या मोजपट्टीनं मापं घेतल्यामुळे त्या सगळ्या तीन बोटं लांब निघाल्या, आणि हे पाहायला साहेब महिनाभर विनाकारण काडेपेटी आणायला खाली जात होते. मेव्हणा म्हणाला, "बघा भाऊजी, पाच मिनिटांचं काम होतं." पोस्टमास्तरांच्या मते घर रजिस्टर पत्रामुळे मिळालं, आणि त्यांचं हे मत बदलण्याइतका वेळ कुणाकडे नव्हता.

कर्जाला वर्ष झालं त्या आठवड्यात बँकेकडून एक छोटं पार्सल आलं. बायको दुकानात गेली होती. साहेबांनी ते सोडवलं. आत रंगीत खडूंचा डबा होता आणि एक पत्र. हप्ते वेळेवर भरल्याबद्दल बँकेनं कुटुंबाचं अभिनंदन केलं होतं आणि घरातल्या सहा वर्षांच्या छोट्या सदस्याला ही प्रेमाची भेट पाठवली होती.

साहेबांनी खिडकीपाशी बसून डबा उघडला. झाकणावर बारा खडू लिहिलं होतं. त्यांनी मोजले. पुन्हा, एकेक बाहेर काढून, टेबलावर ओळीनं मांडून मोजले. अकरा होते.

डब्याच्या तळाशी तक्रारीचा छापील कागद होता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, कागद सरळ केला आणि वरचा पहिला रकाना वाचला. मुलाचं वय, असं तिथे लिहिलेलं होतं. साहेबांनी तो भिंगातून पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी टोपण लावलं.

बायको आली तेव्हा ते खडू परत डब्यात भरत होते.

"काय आलंय?"

"खडू. बँकेकडून."

"सगळे आहेत ना?" तिनं सहज विचारलं.

"जवळपास," काटासाहेब म्हणाले.